चमच्यामागचे तीन बुरूज

#थ्रेड #इतिहास

१. चांदीचा एखादा जुना डॅनिश चमचा हातात आला, तर त्याची नक्षी नंतर पाहावी. आधी तो उलटा करावा. दांड्याच्या मागील बाजूस, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, एक इवलासा किल्ला दिसण्याची शक्यता असते: तीन बुरूज आणि त्यांच्याखाली दोन अंक. शेजारी काही अक्षरे, क्वचित एखादे राशिचिन्ह. वरकरणी हे केवळ ठसे आहेत. प्रत्यक्षात ते चांदीच्या शुद्धतेविषयी दिलेले लेखी वचन आहे, आणि ते वचन कोणी, कोठे व केव्हा दिले हेही त्यातच नोंदलेले आहे. हे वचन वाचावे कसे, हा आजच्या थ्रेडचा विषय.

२. प्रारंभी एक काल्पनिक प्रसंग घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाखो डॅनिश लोक अमेरिकेत स्थलांतरित झाले. समजा, अशाच एका कुटुंबाच्या आजच्या पिढीकडे आजीच्या पश्चात एक लाकडी पेटी आली आहे. आत बारा काटे, तेरा चमचे, बारा सुऱ्या. घरात कथा चालत आलेली: ‘पणजीने १८९० च्या सुमारास डेन्मार्कहून येताना ही चांदी सोबत आणली.’ डॅनिश भाषा आता घरात कोणालाच येत नाही. व्यापारी म्हणतो, ‘वजनावर घेतो.’ पेटी विकावी की ठेवावी? कथा खरी मानावी की नाही? या पेटीकडे आपण शेवटी परत येऊ.

३. मुळात ठशांची गरज का भासली? चांदीचा कस डोळ्यांना दिसत नाही. शुद्ध चांदी मऊ असते; तिचा काटा अन्नात रुतवताच वाकेल. म्हणून तिच्यात तांबे मिसळावेच लागते. मात्र तांबे थोडे अधिक पडले, तरी रंगात चटकन फरक जाणवत नाही आणि तेवढा नफा कारागिराच्या पदरात पडतो. गिऱ्हाईक घरी घेऊन जाते ती वस्तू, आणि सोबत एक शंका. ही शंका दूर करण्यासाठी कारागीर व गिऱ्हाईक यांच्यामध्ये तिसरा, तटस्थ पारखी उभा करावा लागला. आपल्याकडे नाणी पारखणारा पोतदार होता. कोपनहेगनमध्ये त्या जागी गार्डाइन नावाचा अधिकारी आला.

४. आता थोडे गणित. उत्तर युरोपात चांदीचा कस ‘लोड’ या मापाने सांगत. पूर्ण शुद्ध चांदी म्हणजे १६ लोड. एखादी वस्तू ‘१३ लोडची’ असेल, तर तिच्या १६ भागांपैकी १३ भाग चांदी आणि उरलेले ३ भाग तांबे. म्हणजे हजारात ८१२.५ भाग चांदी. सव्वातेरा लोड म्हणजे हजारात सुमारे ८२८. पुढील काळात डॅनिश चांदीवर वारंवार दिसणारे ८२६ आणि ८३० हे आकडे विचित्र वाटतात खरे. पण ते या जुन्या मापाच्या परिसरातले आहेत, हे ध्यानात आले की कोडे सुटते. दशमान पद्धत आली, परंतु सोनारांच्या हाताला सवय झालेला कस तिने फारसा बदलला नाही.

५. तीन बुरुजांची कथा इ.स. १६०८ पासून सुरू होते. डेन्मार्कचा राजा ख्रिश्चन चौथा याच्या कारकिर्दीत कोपनहेगनच्या सोनारांसाठी नियम झाले: वस्तूवर कारागिराचा स्वतःचा ठसा हवा आणि शहराचाही हवा. शहराचा ठसा म्हणून कोपनहेगनच्या नगरचिन्हातील तीन बुरूज घेण्यात आले. या शहराची परंपरागत कथा ११६७ पर्यंत मागे जाते. त्या सुमारास बिशप आब्सालोन याने येथील बंदराजवळ किल्ला बांधला. त्याचे अवशेष आजही क्रिस्तियान्सबोर्ग राजवाड्याखाली पाहावयास मिळतात. चमच्यावरचा किल्ला म्हणजे एका अर्थी शहराची सहीच.

६. सतराव्या शतकाच्या अखेरीस ही व्यवस्था अधिक काटेकोर झाली. कोपनहेगनच्या चांदीवर आता चार ठसे येऊ लागले. पहिला कारागिराचा, बहुधा त्याच्या नावाची आद्याक्षरे. दुसरा शहराचा, म्हणजे तीन बुरूज आणि वर्ष. तिसरा गार्डाइनचा, म्हणजे ज्याने कस तपासला त्याचा. चौथा महिन्याचा. बनवले कोणी, तपासले कोणी, कोठे आणि केव्हा, या चारही प्रश्नांची उत्तरे एका दांड्यावर! पुढे कधी चांदी हलकी निघाली, तर बोट नेमके कोणाकडे दाखवायचे हे आधीच ठरलेले असे.

७. ही कल्पना एकट्या डेन्मार्कची नव्हती. लंडनच्या सोनारांच्या संघाने १४७८ पासून दरवर्षी बदलणारे एक अक्षर चांदीवर उमटवण्यास आरंभ केला होता. आज संग्राहक त्या अक्षराकडे ‘वस्तूचे वय’ म्हणून पाहतात. मूळ हेतू मात्र निराळा होता: चूक झाल्यास त्या वर्षीचा जबाबदार पारखी सापडावा. संघाच्या ज्या सभागृहात, अर्थात ‘हॉल’मध्ये, ही तपासणी होई, त्यावरूनच ‘हॉलमार्क’ हा शब्द रूढ झाला. आज सोने घेताना आपण सहज उच्चारतो तो शब्द मुळात एका इमारतीचा निर्देश करतो. इतिहासकाराला जी तारीख आयती मिळते, ती मुळात उत्तरदायित्वाची खूण होती.

८. तपासणी कशी होई? सोपा मार्ग कसोटीच्या दगडाचा. काळ्या दगडावर वस्तू घासायची, शेजारी ज्ञात कसाच्या चांदीची रेघ ओढायची आणि दोन्ही रेघांची तुलना करायची. अचूक मार्ग अग्निपरीक्षेचा. वस्तूतून किंचित धातू खरवडून तो शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या मुशीत तापवीत. तप्त शिसे आणि तांबे मुशीत शोषले जाई आणि तळाशी शुद्ध चांदीचा मणी उरे. आधीचे व नंतरचे वजन तोलले की कस कळला. उत्तर युरोपातील जुन्या चांदीच्या तळाशी कधीकधी एक नागमोडी ओरखडा दिसतो. तो ओरखडा म्हणजे दोष नव्हे. परीक्षेसाठी धातू खरवडल्याची ती खूण आहे. म्हणून तो घासून ‘दुरुस्त’ करण्याच्या फंदात कोणी पडू नये.

९. महिन्याच्या ठशासाठी कोपनहेगनने राशिचक्र वापरले. मेंढा, बैल, खेकडा, सिंह, विंचू, मासे. चांदीवर सिंह दिसला की नवशिक्या अभ्यासकाला राजचिन्ह किंवा इंग्रजी सिंह आठवतो, आणि तर्काची गाडी थेट लंडनला जाऊन पोहोचते. परंतु शेजारी तीन बुरूज असतील, तर तो सिंह राशीचा आहे. सूर्य त्या राशीत मानला जाई तो, साधारण जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंतचा काळ तो सांगतो. कोणताही ठसा एकटा वाचू नये, हा या विद्येचा पहिला नियम.

१०. आता या कुलपाची किल्ली: गार्डाइनांचे कार्यकाळ. अलीकडच्या काळातील चार नावे लक्षात ठेवली, तरी वारशाने आलेली बहुतेक चांदी उलगडते.
पीटर हिन्नेरुप: १८४० ते १८६३.
सिमोन ग्रोट: १८६३ ते १९०४.
क्रिस्तियान हायसे: १९०४ ते १९३२.
योहानेस सिगगोर: १९३२ ते १९६०.
ग्रोटच्या ठशात रोमन ‘एस’ आणि ‘जी’, हायसेच्या ठशात ‘सी-एफ-एच’, तर सिगगोरच्या ठशात ‘जे-एस’ अशी आद्याक्षरे असतात. ही अक्षरे कारागिराची समजण्याची चूक फार होते. तसे केल्यास निरनिराळ्या कारखान्यांतील शेकडो वस्तू एकाच काल्पनिक सोनाराच्या नावावर जमा होतात!

११. या यादीचा उपयोग कसा होतो ते पाहा. बुरुजांखाली बहुधा वर्षाचे शेवटचे दोनच अंक असतात. समजा, ‘५८’ आहे. १८५८ की १९५८? शेजारी सिगगोरचा ‘जे-एस’ असेल तर १९५८; हिन्नेरुपचा ठसा असेल तर १८५८. समजा, पहिला अंक झिजला आहे आणि केवळ ‘९’ वाचता येतो, पण ‘सी-एफ-एच’ स्पष्ट आहे. मग शक्यता उरतात तीनच: १९०९, १९१९ आणि १९२९. एक ठसा प्रश्न विचारतो, दुसरा उत्तर देतो. दोन्ही जुळत नसतील, तर एक तर आपले वाचन चुकले आहे किंवा वस्तूत काही गडबड आहे. इतिहासाच्या साधनांची परस्परांशी पडताळणी करावी असे आपण पुस्तकांत वाचतो. तिचा सराव करण्यास हा चमचा उत्तम.

१२. कोपनहेगनबाहेर काय स्थिती होती? राजधानीची शिस्त सर्वत्र नव्हती. काही नगरांचे स्वतःचे ठसे होते. ओडेन्सची चांदी तेथील नगरचिन्हातील लिलीच्या फुलावरून ओळखता येते. अनेक गावांतील सोनार मात्र केवळ स्वतःचा ठसा उमटवीत. ग्रामीण भागातील चांदी पुष्कळदा हलक्या कसाची असे. ‘११’ आणि ‘एल’ अशी खूण असल्यास ती ११ लोडची, म्हणजे हजारात ६८७.५ भाग चांदी. अशा वेळी सोनाराची आद्याक्षरे हाच एकमेव धागा उरतो, आणि तीच आद्याक्षरे वेगवेगळ्या नगरांतील अनेकांची असू शकतात. हे जाळे सोडवण्याचे मोठे काम संशोधक बोये यांनी केले. १८७० पूर्वीच्या डॅनिश सोनारांच्या ठशांवरील त्यांचा ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला. मागील पिढ्यांनी अशी कोष्टके जुळवली नसती, तर आज भिंग घेऊन बसूनही आपल्या हाती काही लागले नसते.

१३. पुढचा टप्पा १८८८ च्या कायद्याचा. त्याची अंमलबजावणी १८९३ पासून झाली. चांदीचा किमान कस हजारात ८२६ असा ठरला आणि तीन बुरूज हे आता केवळ कोपनहेगनचे चिन्ह न राहता देशाच्या तपासणीचे चिन्ह बनले. याचा परिणाम ठसे वाचणाऱ्यासाठी महत्त्वाचा आहे. १८९३ पूर्वीचे बुरूज दिसले, तर वस्तू कोपनहेगनची. त्यानंतरचे दिसले, तर ती डेन्मार्कमधील कोणत्याही गावची असू शकते. गाव कळण्यासाठी कर्त्याच्या ठशाकडे वळावे लागते. चिन्ह तेच राहिले, अर्थ मात्र बदलला. इतिहासात असे शब्दांच्या बाबतीत घडते, तसे येथे ठशाच्या बाबतीत घडले.

१४. त्याच काळापासून आकड्यांचे ठसे रूढ होत गेले: ‘८२६ एस’, ‘८३० एस’, ‘९२५ एस’. यातील ‘एस’ म्हणजे ‘सोल्व’, डॅनिश भाषेत चांदी. ९२५ हा इंग्रजी स्टर्लिंगचा कस. हजारात ८३० आहे म्हणून डॅनिश चांदी ‘खोटी’ किंवा ‘कनिष्ठ’ ठरत नाही. तो त्या देशाचा रीतसर, जाहीर केलेला कस होता. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. बुरूज नसले म्हणजे चांदी बनावट, असेही नव्हे. विसाव्या शतकातील अनेक अस्सल डॅनिश वस्तूंवर केवळ कर्त्याचा ठसा आणि कसाचा आकडा एवढेच आढळते. तेव्हा वर्ष हाती लागत नाही आणि काळ ठरवण्याचा भार कर्त्याच्या ठशावर पडतो.

१५. शेजाऱ्यांशी गल्लत टाळावी. ‘८३० एस’ हा ठसा नॉर्वेच्या चांदीवरही विपुल आढळतो. त्यामुळे केवळ आकड्यावरून ‘डॅनिश’ असा निवाडा देऊ नये. स्वीडनच्या चांदीवर तीन मुकुट असतात. झिजलेले तीन मुकुट आणि झिजलेले तीन बुरूज साध्या डोळ्यांना सारखेच दिसू शकतात. मुकुटांची मांडणी त्रिदलासारखी, दोन वर आणि एक खाली. बुरूज मात्र एकाच ओळीत शेजारी शेजारी उभे. फिनलंडच्या चांदीवर हृदयाच्या आकृतीत मुकुट असतो. भिंगाखाली घालवलेली दोन मिनिटे असा देशांतराचा घोटाळा वाचवतात.

१६. सर्वांत फसवा सापळा मुलाम्याचा. डेन्मार्कमध्ये ‘दोन बुरुजी’ म्हणून ओळखली जाणारी भांडी मिळतात. त्यांच्यावर बुरूज दोनच! ती चांदीचा मुलामा दिलेली असतात. आत धातू दुसराच. बुरूज मोजण्यात एकाची चूक झाली की किमतीत मोठा फरक पडतो. ‘आटला’ हा ठसाही मुलाम्याच्या वस्तूंवर दिसतो. ‘अल्पाका’ म्हणजे तर तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. आपल्याकडे ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात तोच. नाव चांदीचे, अंगात चांदी नाही. काट्याच्या टोकाशी किंवा चमच्याच्या बुडाशी, जिथे वस्तू सतत घासली जाते, तिथे पिवळसर वा करडा रंग डोकावत असेल, तर मुलामा झिजला आहे असे समजावे.

१७. आता कर्त्यांकडे. डॅनिश चांदीतील जगप्रसिद्ध नाव गेओर्ग येन्सन. इंग्रजी वळणाने आपण जॉर्ज जेन्सन म्हणतो. जन्म १८६६, कोपनहेगनच्या उत्तरेस रोडवाड येथे. वडील सुऱ्यांना धार लावणारे कामगार. मुलगा सोनारकाम शिकला, मग कला अकादमीत शिल्पकला शिकला आणि १९०४ मध्ये कोपनहेगनमध्ये त्याने स्वतःची छोटी कर्मशाळा उघडली. शिल्पकाराचा हात चमच्याला लागला. फळे, कळ्या, वेलींची वळणे दांड्यांवर उमलू लागली. १९३५ मध्ये त्याचे निधन झाले, परंतु त्याचे नाव धारण करणारी कर्मशाळा पुढे चालत राहिली.

१८. येन्सनच्या ठशांचे रूप काळानुसार बदलत गेले. सुरुवातीच्या वस्तूंवर ८२६ वा ८३० चा कस आढळतो; पुढे ९२५ स्थिरावला. ठिपक्यांच्या लंबवर्तुळात पूर्ण नाव असेल, तर वस्तू १९४५ नंतरची. येथे एक सूक्ष्म चूक संभवते. ‘एकॉर्न’ ही विख्यात नक्षी योहान रोडे याने १९१५ मध्ये रचली. स्वीडनच्या राजघराण्यात जन्मलेल्या सिग्वार्ड बर्नाडोट याची त्याच्याच नावाची नक्षी १९३९ ची. या नक्षींचे काटे-चमचे पुढेही अनेक दशके बनत राहिले. म्हणून ‘एकॉर्न आहे, म्हणजे १९१५ चा’ हे अनुमान चूक. नक्षी रचनेचे वर्ष सांगते. वस्तूचे वर्ष ठसा सांगतो. ग्रंथ केव्हा लिहिला आणि हातातली प्रत केव्हा छापली, यांत जसा भेद, तसाच हा भेद.

१९. येन्सनपलीकडेही डेन्मार्क आहे. कोपनहेगनचे ए. मिकेल्सन हे घराणे १८४१ पासूनचे. १९१० पासून त्यांनी दर नाताळास नव्या रचनेचे, सोन्याचा मुलामा व मीनाकारी असलेले चमचे-काटे काढले. फ्रेडेरित्सिया येथील कोर १८६० पासून, तर कोल्डिंग येथील हान्स हान्सेन १९०६ पासून. ही कोपनहेगनबाहेरची कामे. तरी त्यांच्या चांदीवर तीन बुरूज आढळू शकतात, कारण १८९३ चा बदल. कधीकधी कर्त्याखेरीज आणखी एक नाव उमटलेले असते. ते विकणाऱ्या दुकानाचे असू शकते. विकणाऱ्याला घडवणारा समजू नये.

२०. सुरीचा विचार स्वतंत्रपणे करावा. सुरीची मूठ बहुधा चांदीची पण पोकळ, आत भरण, आणि पाते पोलादी. त्यामुळे सुरीचे सगळे वजन चांदीचे नसते; वजनावर भाव करताना हा मुद्दा विसरल्यास हिशेब चुकतो. पाते आणि मूठ यांची वयेही भिन्न असू शकतात. न गंजणारे पोलाद १९१३ च्या सुमारास शेफील्डमध्ये पुढे आले. तेव्हा मुठीवर १९०५ चा ठसा आणि पात्यावर ‘स्टेनलेस’ असा शब्द दिसला, तर पाते नंतर बदलले आहे. अशी सुरी बनावट नसते. ती वापरली गेली, झिजली आणि कोणीतरी मायेने दुरुस्त केली, इतकेच त्यातून सिद्ध होते.

२१. परदेशी गेलेल्या चांदीवर आणखी एक पाऊलखूण सापडते. १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत घालणे बंधनकारक केले. डॅनिश माणूस स्वतःच्या देशाला ‘डॅनमार्क’ म्हणतो. त्यामुळे चमच्यावर इंग्रजी वळणाचे ‘डेन्मार्क’ किंवा ‘स्टर्लिंग डेन्मार्क’ असेल, तर तो निर्यातीसाठी बनला असण्याचा संभव मोठा. म्हणजे तो एखाद्या स्थलांतरिताच्या पेटीतून समुद्र ओलांडून गेला नसेल. अमेरिकेतल्या दुकानातून विकत घेतला गेला असेल. एका शब्दाच्या वर्णलेखनाने कुटुंबकथेतील एक संपूर्ण जहाज गळून पडू शकते!

२२. प्रत्यक्ष वाचनाची रीत अशी ठेवावी. वस्तू कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवा. ठशांवर पॉलिशचा मारा करू नका, झिजलेला ठसा परत येत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. प्रकाश वरून न टाकता बाजूने, तिरका टाका. म्हणजे खोलगट रेषांत सावली पडून अक्षरे उठून दिसतात. प्रत्येक नगाचे छायाचित्र घ्या. मग याच क्रमाने टिपणे करा: बुरूज किती, खाली अंक कोणते, गार्डाइन कोण, कसाचा आकडा कोणता, कर्त्याचा ठसा कोणता. नक्षी सर्वांत शेवटी. आणि एक नग पाहून साऱ्या संचाचा निवाडा करू नका. हा शेवटचा नियम किती मोलाचा आहे, ते आता पाहू.

२३. आपण त्या पेटीकडे परत येऊ. बारा काटे आणि बारा चमचे एकेक करून उलटे केले. सर्वांवर तीन बुरूज, सर्वांवर हायसेचा ‘सी-एफ-एच’. पण वर्षे? २४, २५, २५, २६, २७... शेवटचे ३१. म्हणजे १९२४ ते १९३१. पणजीने १८९० मध्ये ही चांदी आणली असणे अशक्य! मात्र ठशांनी दुसरी गोष्ट पुढे ठेवली. हा संच एकदाच विकत घेतलेला नाही. सात-आठ वर्षे, एकेक दोन-दोन नग करत, तो कोणीतरी जमवला आहे. दांड्यांवर कोरलेली आद्याक्षरे आजीची, म्हणजे पणजीच्या मुलीची. वाढदिवसाला एक चमचा, सणाला एक काटा. आपल्या घरांत मुलीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे एकेक भांडे बाजूला काढले जाई. त्या रीतीचे हे दूरचे भावंड.

२४. राहिला तेरावा चमचा. तो बाकीच्यांहून पातळ, कडेला झिजलेला, नक्षीही वेगळी. संचात न बसणारा म्हणून कोपऱ्यात पडलेला. भिंगाखाली: तीन बुरूज, खाली ‘८९’, शेजारी सिमोन ग्रोटचा ठसा. १८८९. कायदा बदलण्यापूर्वीचा, म्हणजे निश्चितपणे कोपनहेगनचा. हा एकच चमचा पणजीबरोबर समुद्र ओलांडून आला असू शकतो. कुटुंबकथा संपूर्ण खोटी नव्हती. ती एका चमच्याविषयी होती. काळाच्या ओघात ती साऱ्या पेटीवर पसरली. व्यापाऱ्याच्या तराजूत मात्र हाच चमचा सर्वांत हलका, म्हणून सर्वांत स्वस्त ठरला असता.

२५. आपला प्रसंग काल्पनिक असला, तरी त्यातला धोका खरा आहे. चांदी आटवली की तिचे वजन उरते. १८८९, कोपनहेगन आणि सिमोन ग्रोट उरत नाहीत. मोडीत गेलेल्या वस्तूबरोबर तिचा साक्षीपुरावाही मुशीत वितळतो. विकावी की ठेवावी, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. गरज असेल तर विकण्यात कमीपणा काहीच नाही. आग्रह इतकाच की विकण्यापूर्वी वाचावी.

२६. ठसे उमटवणाऱ्यांना आपल्या वंशवृक्षाची चिंता नव्हती. त्यांना एवढेच हवे होते की गिऱ्हाईक फसू नये, आणि फसलेच तर दोषी सापडावा. त्यांनी प्रामाणिकपणाची व्यवस्था उभारली, आणि न ठरवता इतिहासाचे दफ्तर निर्माण झाले. माणसांची स्मृती लोभस असते, पण ती पसरते, सरकते, नावे अदलाबदल करते. गार्डाइनची स्मृती कोरडी असते, पण ती जागची हलत नाही. दोन्ही समोरासमोर ठेवल्या की कथा अधिक खरी होते, आणि बहुधा अधिक सुंदरही.

तुमच्या घरातल्या जुन्या भांड्यांवरही कोणाचे तरी नाव, तारीख किंवा ठसा असेल. ते कधी उलटे करून पाहिले आहे का?